एका किकची फुशारकी

माझ्या बुलेटला थंडीत चोक लागत नाही, हे मी साताऱ्यात निदान शंभर जणांना तरी सांगितलं असेल. जानेवारीतली सकाळ, अजिंक्यताऱ्यावरून उतरलेला गारठा अंगणात ठाण मांडून बसलेला, समोरच्या अण्णांची जुनी स्कूटर किका खाऊन खाऊन दमलेली. अशा वेळी मी शांतपणे पेट्रोलचा कॉक उघडायचा आणि किल्ली फिरवायची. हेडलाइटच्या डोक्यावरच्या ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच दाबत न्यायची, डिकंप्रेसर ओढून पिस्टन टोकाच्या किंचित पुढं सरकवायचा, आणि मग एकच लाथ. धड्... धड्... धड्. चोकची खिटी जागची हललेलीसुद्धा नसायची. गाडी १९८९ सालची. अण्णा म्हणायचे, "सर, तुमच्या गाडीला अजून तारुण्य आहे." मी नुसता हसायचो. त्या हसण्यात नम्रता अजिबात नव्हती.

पहिली तक्रार केली ती भिंतीनं. गाडी उभी राहते तिच्या मागं कंपाउंडची चुन्यानं रंगवलेली भिंत आहे. सायलेन्सरच्या तोंडासमोर त्या भिंतीवर आधी वाटीएवढा, मग बशीएवढा काळा डाग धरला. बायको म्हणाली, "भिंतीला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीत का?" मी म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच. ती काही बोलली नाही. पेन्सिल आणली, डागाभोवती गोल काढला आणि शेजारी तारीख लिहिली. चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याच्या घरात नोंद ठेवायची अक्कल दुसऱ्याच कुणाला तरी असावी, हे मला तेव्हा जरा लागलं. महिन्याभरात डाग रेघेबाहेर गेला.

मग एकेक गोष्टी दिसू लागल्या. खरं तर त्या आधीपासून दिसत होत्या. लिटरला ३५ किलोमीटर देणारी गाडी २४ वर आली होती. गार असताना छान चालायची, पण गरम झाली की पोवई नाक्याच्या गर्दीत भक्... भक्... करत गुदमरायची. ॲक्सिलरेटर दिला की आधी आवंढा गिळायची, मग निघायची. हमरस्त्यावर मोकळी सुटली की पुन्हा शहाणी. घरी आलो की शर्टाला पेट्रोलचा वास. इंजिनातलं ऑइल तपासायची पट्टी काढून नाकाशी धरली तर तिलाही तोच वास. ही मात्र काळजीची गोष्ट, कारण न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं.

प्लग काढला. निरोगी प्लगचं टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असतं. माझा काळाकुट्ट होता. पण काळ्यातही दोन जाती आहेत. ओला, चिकट, तेलकट काळा म्हणजे रिंगा झिजल्या, ऑइल वर चढतंय. त्याचा धूर निळसर. आणि कोरडा, मखमलीसारखा काळा, बोटानं पुसला तर बोट काळं होऊन प्लग मोकळा होतो, तो पेट्रोलचा. मी तर्जनी फिरवली. बोटावर काजळी आली, अगदी डोळ्यात घालावी अशी.

ती काजळी मला ओळखीची होती. आमच्या गावी माणदेशात वीज उशिरा आली. दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा राखेनं पुसायचं काम माझ्याकडं. अभ्यासाला बसलो की जास्त उजेड हवा म्हणून मी वात वर काढायचो. ज्योत क्षणभर मोठी व्हायची, मग तिला शेंडी फुटायची आणि पाच मिनिटांत काच वरून काळी. आजी चुलीपुढूनच ओरडायची, "वात खाली घे! रॉकेल जळतंय, उजेड न्हवं." इंधन वाढवलं पण हवा तेवढीच राहिली, तर ते अर्धवट जळतं आणि उरलेला कार्बन काचेवर जाऊन बसतो. गॅरेजमध्ये ज्याला 'मिक्स्चर रिच झालंय' म्हणतात ते हेच. कुठल्या मराठी पुस्तकात त्याला 'समृद्ध मिश्रण' म्हटलेलं वाचलं होतं. माझ्या मते त्याला सरळ अजीर्ण म्हणावं.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते. वर्गात हा आकडा सांगितला की पोरं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. म्हणून मी दुसरा सांगायचो: एक लिटर पेट्रोलला सुमारे ९,००० लिटर हवा. म्हणजे बाटलीभर पेट्रोल गिळायला इंजिन न्हाणीघरभर हवा ओढतं. हे प्रमाण राखायचं काम मुठीएवढ्या एका जस्ती भांड्याकडं, म्हणजे कार्ब्युरेटरकडं. त्याला मेंदू नाही, वीज नाही, सेन्सर नाही. आहे ती फक्त एक निमुळती नळी. नळी जिथं अरुंद होते तिथं हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल त्या उतरलेल्या दाबाच्या ओढीनं आपोआप वर येतं. बर्नुलीनं १७३८ मध्ये द्रवांबद्दल मांडलं, व्हेंचुरीनं १७९७ मध्ये निमुळत्या नळीबद्दल लिहिलं. १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाखनं आणि बुडापेस्टात बांकी आणि चोंका या जोडीनं फवारा मारणारा कार्ब्युरेटर केला. बांकीला म्हणे ही कल्पना रस्त्यावर तोंडानं पाण्याची फुंकर मारून फुलं ओली ठेवणाऱ्या माळणीकडं बघून सुचली. दंतकथा असेल, पण छान आहे. मी मात्र वर्गात उदाहरण द्यायचो ते ढेकणांवर मारायच्या फ्लिटच्या पंपाचं. ते ऐकून मागच्या बाकावरचेसुद्धा जागे व्हायचे.

एवढं सगळं ज्याला येतं, त्यानं आपली गाडी अर्ध्या तासात दुरुस्त करायला हवी. मी अडीच महिने घेतले.

सुरुवात रीतसर झाली. एअर फिल्टर काढून झटकला, कारण नाक चोंदलं तरी मिश्रण जाड होतं. फिल्टर साफच होता. तो काढून ठेवून गाडी चालवली तर जरा हलकी वाटली, म्हणजे रोग रिचचाच हे पक्कं झालं. नवा प्लग टाकला; ६० किलोमीटरवर तोही काळा. मग मी विचार करायला बसलो, आणि तिथंच घोटाळा झाला.

माझी पहिली उपपत्ती उंचीची. गाडीची पहिली काही वर्षं रत्नागिरीत गेली, समुद्रसपाटीला. सातारा सुमारे ७०० मीटरवर. इथं हवा साधारण ७ टक्क्यांनी विरळ. कार्ब्युरेटरला वेग कळतो, विरळपणा पुरता कळत नाही, त्यामुळं मिश्रण साडेतीन टक्क्यांच्या आसपास जाड होतं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर मी हे गणित मांडलं आणि खूश झालो. खातरजमा म्हणून यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो. वर गाडी आणखी घुसमटली. सिद्ध झालं! आपण साताऱ्यात येऊन पंचवीस वर्षं झाली आणि डाग यंदा पडला, ही गोष्ट त्या पुराव्यात कुठं बसत नव्हती. म्हणून मी ती बसवलीच नाही.

दुसरी उपपत्ती एका मित्राची. त्याच्या मते हल्ली देशात जे जे बिघडतं ते इथेनॉलमुळं. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं, हे खरं. पण इथेनॉल स्वतःच्या पोटात ऑक्सिजन घेऊन येतं. त्याला जळायला वजनाच्या ९ पटच हवा पुरते. २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेरा पटीच्या आसपास. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तर मिश्रण उलट सौम्य व्हायला हवं. इथेनॉलवर आरोप ठेवायचाच तर तो गाडी उपाशी राहिल्याचा ठेवावा लागेल, अजीर्णाचा नाही. मित्राला हे पटलं नाही. त्याला आरोपी हवा होता, आरोप कुठलाही चालला असता.

तिसरा संशय मात्र माझ्या छातीत कित्येक वर्षं होता. नोकरीच्या पहिल्या दिवसांत एकदा गाडी बंद पडली, कचरा अडकला होता, आणि मी मेन जेट काढून त्यात स्टोव्हची पिन मारली होती. घरी आई मारायची तशी. स्टोव्हच्या निपलचं भोक पिन मारून मारून मोठं झालं की ज्योत निळीची पिवळी व्हायची, भांड्यांची बुडं काळी पडायची, आणि आई म्हणायची, "निपल गेलं, नवं आण." जेटही पितळीच. त्याच्या भोकावर सगळा हिशेब अवलंबून. त्यात तार घालणं म्हणजे दुकानदाराच्या मापट्याचं बूड ठोकून खोल करण्यासारखं. तर अपराध माझाच, असं ठरवून मी नवा मेन जेट आणला, आणि आणताना एक नंबर खालचा आणला. वर सावधगिरी म्हणून सुईचं लॉक एक खाच वर चढवलं. या सुईवर पाच खाचा असतात; लॉक वर गेलं की सुई खाली उतरते आणि पेट्रोलची वाट अरुंद होते. त्यानंही भागेना म्हणून फ्लोटच्या पट्टीची जीभ केसभर वाकवली, वाटीतली पातळी उतरावी म्हणून. हवेचा स्क्रू दीड फेरा उघडा असायचा तो दोन, तीन, चार फेरे उघडला. इंजिनाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. चार फेरे उघडा स्क्रू आणि आवाजात सुताचाही फरक नाही.

कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं असतं की ॲक्सिलरेटर बंद किंवा जेमतेम उघडा असताना काम पायलट जेटचं, पाव ते पाऊण सुईचं, त्याच्या पुढं मेन जेटचं. हे मला पाठ होतं. मी मुठीवर चिकटपट्टी लावून पाव-अर्ध्या-पाऊणच्या खुणासुद्धा केल्या होत्या. गाडी घुसमटते ती अगदी खाली, पहिल्या खुणेच्याही आत, हे डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मी बदलला मेन जेट. का? पिनेचा अपराध कधीचा फेडायचा राहिला होता म्हणून, आणि जेट बाजारात मिळाला म्हणून.

शेवटी गाडी मिस्त्रींकडं नेली. शहराबाहेर पत्र्याची शेड, दारात तेलानं काळी झालेली माती, आत एक फळी आणि फळीवर जुन्या प्लगांची रांग. वय सत्तरीच्या पुढचं. मी बसलो आणि उंचीपासून सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं.

"सर, तसं असतं तर अख्ख्या साताऱ्याच्या भिंती काळ्या व्हायला पायजे होत्या."

मग त्यांनी प्लग काढून इंजिनाच्या अंगावर टेकवला आणि पोऱ्याला किक मारायला लावली. ठिणगी निळी, कडक. "इग्निशन बरं हाय." बहुतेक लोक कार्ब्युरेटर म्हणून जे घेऊन येतात ते पॉइंटचं दुखणं असतं, म्हणून हे आधी बघायचं; शिवाय बघायला पैसे पडत नाहीत. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"सकाळी गार गाडीला चोक द्यावा लागतो का?"

माझा चेहरा उजळला. "अजिबात नाही! भर थंडीत एका किकमध्ये."

"कधीपासनं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कधीपासून? रत्नागिरीत चोक लागायचा. साताऱ्यातही लागायचा. मागच्या वर्षी? दिवाळीत आम्ही पहाटे निघालो तेव्हा खिटी वर केली होती का? आठवेना. आपल्या गाडीला चोक लागत नाही असं मी शंभर जणांना सांगितलं होतं, पण ती गोष्ट कधी सुरू झाली हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"गार इंजिनला जादा पेट्रोल लागतंयच," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही दिलं न्हाई तरी चालू हुतंय, म्हंजे कोण तरी देतंय की."

त्यांनी गाडी सुरू करून गरम होऊ दिली. भक् भक् सुरू झाली. मग वाकून उजव्या हाताचा अंगठा चोकच्या दांडीवर ठेवला आणि जोरानं खाली दाबला. आवाज बदलला. इतका स्पष्ट की शेडबाहेर चहाचा पेला घेऊन उभा असलेला एक गिऱ्हाईकही वळून बघायला लागला. इंजिनानं जणू घसा खाकरून मोकळा केला. ठोके सुटे, गोल झाले. अंगठा काढला, पुन्हा भक् भक्. दाबला, मोकळं. तीनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा माझ्याकडं बघत.

या कार्ब्युरेटरमधल्या चोकला चोक म्हणणंच मुळात चूक. जुन्या पद्धतीत पत्र्याची झडप हवेचा गळा आवळायची, म्हणून ते नाव. इथं गळाबिळा कुणी आवळत नाही. मोठ्या कार्ब्युरेटरच्या कडेला एक पिटुकला कार्ब्युरेटर दडवलेला असतो, त्याचा जेट वेगळा, वाट वेगळी. त्या वाटेवर एक दट्ट्या बसलेला, आणि दट्ट्याच्या बुडाला रबराची टिकली. खिटी वर केली की दट्ट्या उचलतो, वाट उघडते आणि इंजिनाला वरचा घास मिळतो. खिटी खाली केली की टिकलीनं ती वाट घट्ट बंद करायची. ॲक्सिलरेटर मिटलेला असताना इंजिनाची ओढ सगळ्यात जोराची, म्हणून ही वाट तेव्हाच वाहते. मूठ उघडली की ओढ कमी होते आणि घास थांबतो. हमरस्त्यावर शहाणी आणि नाक्यावर वेडी का, याचं उत्तर तेवढंच होतं. हवेचा स्क्रू चार फेरे उघडूनही काही होईना, कारण शेजारच्या चोरवाटेनं त्याच्या कितीतरी पट पेट्रोल येत होतं.

मिस्त्रींनी पान्यानं दट्ट्या सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढी टिकली. रबर असेल म्हणून मी नख रुतवून बघितलं, रुतलं नाही. वाळल्या जांभळाच्या बीसारखी टणक झाली होती, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं एकाच जागी बसून एक गोल खाच पडली होती, बांगडी रुतावी तशी. खाचेच्या एका कडेला तडा. त्या तड्यातून माझे लिटरमागचे ११ किलोमीटर गेले होते, आणि माझी एक किकही तिथूनच आली होती.

नवा दट्ट्या दोनशे रुपयांच्या आत मिळाला. तो बसवून गाडी सुरू केली आणि मी आता टाळी वाजवायच्या बेतात होतो, तर गाडी खोकली. फट्! कार्ब्युरेटरमधून मागं फुटली, आणि बंद. पुन्हा किक, पुन्हा फट्.

मिस्त्रींनी कमरेवर हात ठेवले. "सर, काय काय केलंय ते आता सांगा. खरं सांगा."

सांगितलं. जेट, सुई, फ्लोट, स्क्रू. परीक्षेत कॉपी पकडलेल्या पोरासारखं एकेक बाहेर काढलं. अजीर्ण झालं म्हणून मी गाडीचं जेवण चार बाजूंनी तोडलं होतं. चोरून मिळणारा खाऊ थांबला तशी ती खरंच उपाशी पडली. ते माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "एका टायमाला एकच हलवायचं असतंय," आणि कामाला लागले. हे वाक्य मी स्वतः नववीच्या वर्गात, प्रयोगात एका वेळी एकच राशी बदलावी, असं शुद्ध मराठीत शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं आहे.

मेन जेट मूळ नंबरचा. सुईचं लॉक मधल्या खाचेत. फ्लोटची जीभ नजरेनं आणि मग पट्टीनं सरळ. हवेचा स्क्रू आधी पूर्ण मिटला आणि मग पाव पाव फेरा उघडत नेला. आता मात्र प्रत्येक पावाला आवाज बदलत होता. दीड फेऱ्याच्या जरा अलीकडं इंजिन सगळ्यात मोकळं झालं, तिथं थांबले. पातळ झालेलं ऑइल काढून नवं भरलं. पैसे द्यायला गेलो तर त्यांनी दट्ट्याचे, ऑइलचे आणि एका चहाचे घेतले. हाताचे द्यायला लागलो तर म्हणाले, "तुमच्या शाळेतला आहे की माझा नातू." नातवाला मी काय शिकवलं होतं ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

२०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या, कार्ब्युरेटर गेला. आता इंधनाचं माप संगणक काढतो, उंची, गारठा, सगळं त्याला कळतं, आणि बिघडलं तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. माझ्या गाडीला असा दिवा नाही. होता तो भिंतीवर, काळा.

परवा जानेवारीतली पहिली कडक थंडी पडली. सकाळी सहाला कॉक उघडला, काटा मध्यावर आणला, लाथ मारली. काही नाही. दुसरी मारली. काही नाही. समोर अण्णा स्कूटर पुसता पुसता थांबले. मी खाली वाकलो, चोकची खिटी वर केली आणि तिसरी मारली. धड्... धड्.

"काय सर, चोकबिक?" अण्णा म्हणाले. "वय झालं वाटतं गाडीचं."

"हो, लागतो आता," मी म्हटलं.

अर्धं मिनिट थांबलो, ठोके सावरले तशी खिटी खाली केली, आणि उगाचच वरून एकदा अंगठा दाबून बघितला. आवाज बदलला नाही. भिंत यंदा अजून रंगवायची आहे. दिवाळीत रंगारी आला होता, पण बायकोनं तेवढा तुकडा सोडायला सांगितला. डागाभोवती तिनं दुसरा गोल काढला आहे, नव्या तारखेचा. डाग अजून त्या रेघेच्या आतच आहे.